नरडाण्याला जाऊन आलेलं नाटक

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्या कॉम्प्युटरलाही अहो-जाहो करायच्या. "चला, उठा आता," म्हणत बटण दाबायच्या आणि तो सुरू होईपर्यंत समोरच्याच्या हातावर भुईमुगाच्या शेंगा ठेवायच्या.

गणपतीसाठी मी लिहिलेलं नाटक पुण्याच्या भावानं टाइप करून फ्लॉपीवर पाठवलं. माझी वहीही त्याच्याकडेच राहिली होती आणि तालीम दुसऱ्याच दिवशी होती. अक्कांनी फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन.

"त्यांच्याकडे नवा वर्ड, आमचे हे जुने. नव्याचं यांना वाचता येत नाही, भाऊ."

माझं तोंड उतरलं. अक्कांनी फ्लॉपी जेवणाच्या डब्यात ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि नरडाण्याची एसटी धरली. तिथल्या एका कारखान्यात त्यांच्या भाच्याकडे नवा कॉम्प्युटर होता. त्यावर फाइल जुन्या वर्डसाठी सेव्ह करून त्या परतल्या, तेव्हा दिवेलागण झाली होती.

"फार उशीर झाला हो, अक्का."

"बठ्ठं नाटक वाची काढं, म्हनीसन गाडी चुकनी!" अख्खं नाटक वाचत बसल्यानं एसटी चुकल्याचं अहिराणीत सांगून त्या खळखळून हसल्या. "सासूचं काम कोणाला दिलंय?"

"अजून कोणी मिळालं नाही."

"आता मिळाली," म्हणत अक्कांनी पदर खोचला आणि प्रिंटर सुरू केला.