शब्दांना गाव विचारणारा वर्ग

"इस बच्ची को सेमी से निकालो," प्रिन्सिपल मॅडमनी सुजाताचा डिक्टेशनचा पेपर माझ्यापुढे सरकवला. पेपरभर लाल रंग.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवते. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सुजाता बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, इथे मामाकडे राहते. तिला नर्स व्हायचंय. सेमी सुटलं की नर्सिंग सुटलं, हे तिने डोक्यात पक्कं बसवून घेतलेलं.

"थोडे दिवस द्या, मॅडम," मी म्हटलं.

वर्गात सुजाताला विचारलं, नक्की अडतं कुठे?

"बाई, सीएच कधी च, कधी क, कधी श. मना नाय जमत. पाठ तरी किती करू?"

तक्रार रास्त होती. केमिकल तिने 'के'ने लिहिलेलं आणि मशीन 'एसएच'ने. जसं ऐकू आलं तसं लिहिलं, बिचारीचं काय चुकलं?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, गाव कुठलं? गाव कळलं की त्याचं बोलणं, खाणं, आडनाव, सगळ्याचा उलगडा होतो. म्हटलं, शब्दांनाही तेच विचारू. फळ्यावर तीन गावं काढली. चाइल्ड, चिन म्हणजे हनुवटी, हे अस्सल इंग्लंडचे, तिथे सीएचचा च. केमिकल, स्टमक मूळचे ग्रीसचे, तिथे क. शेफ, मशीन फ्रान्सवरून आलेले, तिथे श.

"टीचर, पप्पांच्या जीन्सच्या कारखान्यातली मशीन तर लुधियानाची आहे!" मागून आवाज आला. वर्ग खो-खो हसला. पण त्या दिवसापासून पोरं दिसेल त्या शब्दाला गाव विचारत सुटली.

एके दिवशी प्रिन्सिपल मॅडम वर्गात येऊन बसल्या. थोडं ऐकलं आणि वैतागल्या.

"पोर्शन छोडके ये क्या गाव-गाव? शब्द इंग्लिशमध्ये आला ना? मग त्याने जुनं स्पेलिंग सोडायला पाहिजे."

सुजाता उभी राहिली. "मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

मी तिला खाली बसायची खूण केली.

"शिकारपूर, सिंधमधलं," मॅडम म्हणाल्या. "मैंने देखा नहीं. दादाजी आले तिकडून. माझा जन्म इथलाच, कॅम्प एकचा."

"मग घरात मराठी बोलता?"

"नाही रे बेटा, सिंधी. वो कैसे छोडेंगे?"

बोलल्या आणि स्वतःच थांबल्या. मग उठून त्यांनी सुजाताच्या हातात खडू दिला. "टेक्नॉलॉजी लिख."

हा शब्द मी शिकवलेला नव्हता. सुजाता फळ्यासमोर पुटपुटली, "लॉजी... बायोलॉजीच्या गावचा दिसतो, ग्रीसचा." आणि तिने 'क'च्या जागी सीएच लिहिला. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

"रहने दो सेमी में," मॅडम म्हणाल्या आणि जाता जाता दारातून, "पण पोर्शन पूर्ण करा हं."

सहामाहीत सुजाता इंग्रजीत पास झाली. पॉकेट या शब्दात मात्र तिने उगाच सीएच घातला आणि शब्दांची गावं आठवत बसल्यामुळे शेवटचा प्रश्न राहिला. तेव्हापासून मी मुलांना बजावते, गाव विचारा, पण चहाला थांबू नका.