मूळ लागायच्या आत

“डाक्टरीणबाई, कळा वाढायचं इंजेक्शन तुमच्या पिशवीत हाय न्हवं?”

तात्यांनी मला ओसरीवरच गाठलं. मी नुकतीच त्यांच्या सुनेला तपासून बाहेर आले होते आणि हात पुसत होते.

“आहे,” मी म्हटलं.

“मग द्या की.”

“देणार नाही.”

तात्यांना नाही ऐकायची सवय नव्हती. तीस सालानंतरची ही गोष्ट. बारामतीच्या दवाखान्यात बायकांचं काम माझ्याकडे होतं. जळोची तिथून जवळच. तात्यांचा तिथे कालव्याच्या पाण्यावर ऊस होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. घर मोठं, खाऊनपिऊन सुखी आणि बायकांना गोशात ठेवणारं. परका पुरुष माजघराचा उंबरा ओलांडत नसे. म्हणूनच बाळंतपणाला मला बोलावणं यायचं. माझ्या विद्येवर त्यांचा फार विश्वास होता अशातला भाग नाही. मी बाई होते, एवढंच.

सून अनुसया, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण निमगाव केतकीला तिची आई उरली नव्हती. आईवाचून माहेर कसलं, म्हणून तिला सासरीच ठेवली होती.

सकाळी मी तपासलं तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. मूल डोक्याकडून होतं, त्याचे ठोके चांगले होते. गर्भपिशवीचं तोंड जेमतेम निम्मं उघडलं होतं. कळा विरळ होत्या. पहिलटकरणीला वेळ लागतोच. नुसतं धीर धरून बसलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोरगी आपोआप मोकळी झाली असती. तसं मी तात्यांना सांगितलं.

“सकाळपतोर न्हाय चालायचं,” ते म्हणाले. “आज दिवस मावळताना मूळ लागतंय.”

मूळ हे सत्तावीस नक्षत्रांतलं एक. त्याच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल बापाच्या जिवावर उठतं, अशी समजूत. गावच्या जोशांनी पंचांग उघडून तसं बजावलं होतं. मी हसले नाही. तात्यांचे दोन मुलगे मानमोडीच्या तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेले होते. उरला शंकर, अनुसयेचा नवरा. तो गोठ्याजवळ उभा राहून उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

“तुमच्याच इंजेक्शनानं आमच्या भावकीतली बाई वाचली,” तात्या म्हणाले. “गेल्या म्हयन्यातली गोष्ट. मग आमच्याच येळंला का न्हाय?”

ती बाई वाचली होती हे खरं, आणि औषधही तेच. फरक होता वेळेचा. तो मी त्यांना ओसरीवर बसून समजावला, तसाच इथे सांगते.

मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक गाठ असते. तिच्या मागच्या भागातून एक रस थेट रक्तात उतरतो. अशा रसांना आता सगळे हार्मोन म्हणतात. आम्ही तेव्हा कुपीवर छापलेलं ‘पिट्युट्री एक्स्ट्रॅक्ट’ एवढंच म्हणायचो. हार्मोन म्हणजे शरीराचा हुकूम. गाठ एका जागी, काम भलतीकडे, आणि निरोप नेणारं रक्त. हा रस गर्भपिशवीला सांगतो, आवळ. बाळ अंगावर प्यायला लागलं की आईच्या डोक्यातली तीच गाठ रस सोडते, दूध उतरतं आणि पिशवीही आवळते. आमच्या सुइणी मूल होताच अंगाला लावत, ते काही उगाच नाही.

शरीर हा हुकूम सोडतं तो थेंबाथेंबाने. एक कळ येते, मग उसंत. त्या उसंतीत आईला दम घेता येतो आणि बाळाला रक्त पोचतं. इंजेक्शनात तोच रस एकदम आणि भरपूर जातो. मूल आणि वार बाहेर पडल्यावर तो दिला की पिशवी घट्ट मिटते आणि रक्त थांबतं. भावकीतली बाई वाचली ती अशी. पण मूल आत असताना, तोंड अर्धवट उघडलेलं असताना दिला, तर पिशवी आवळते ती सोडतच नाही. दार उघडलंय की नाही, हे हुकूम बघत नाही.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पर इंजेक्शनानं लवकर हुतंय, ह्ये खरं न्हवं?”

मी वैतागले. शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, “तात्या, हे औषध कत्तलखान्यातल्या बैलांच्या डोक्यातून काढतात. तुमच्या माजघरात चालेल?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “औषिदाला इटाळ नसतो, बाई.”

बैलाचा मेंदू चालत होता, चांदण्या चालत नव्हत्या.

आत निरोप घ्यायला गेले तर अनुसयेने माझं मनगट धरलं. सतरा-अठराची पोर. घामाने कुंकू ओघळलेलं.

“द्या न्हवं ते, बाई. ह्यांच्या जिवाचा सवाल हाय.”

“तुझ्या जिवाचं मी बघते,” मी म्हटलं. “त्यांच्या जिवाला काही होत नाही.”

तिला ते पटलं नाही. तिने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सुईण कोंडाबाई माझ्या भरवशाची होती. तिला तिथे बसवलं, गरम पाणी आणि उकळलेल्या चिंध्यांचं सांगितलं. दवाखान्यात दुसरी एक बाळंतीण तापाने फणफणली होती, तिला बघून दुपारी परत येते म्हटलं. तात्यांनी स्वतः छकडा जुंपायला लावला. इतक्या अदबीने मला त्या घरातून कधी कुणी पोचवलं नव्हतं.

दुपारी परत निघाले तेव्हा कालव्याच्या कडेने समोरून एक मोटार आली. बारामतीत नुकताच दवाखाना थाटलेले एक डॉक्टर आत होते. मला पाहून त्यांनी गाडी थांबवली.

“जळोचीला निघालात? काळजी नको. मी इंजेक्शन देऊन आलोय. तासाभरात होईल बघा.”

मी छकड्यातूनच विचारलं, “तोंड किती उघडलं होतं?”

“ते कसं कळणार? आत कुठे जाऊ देतात? दाराआडून विचारलं. सासू म्हणाली, सकाळपासून कळा आहेत.”

“मग इंजेक्शन दिलं कसं?”

“दारातून हात बाहेर काढायला लावला. नाडी बघितली, उत्तम होती. दंडात दिलं.”

हिरव्या बांगड्या भरलेला एक हात त्यांनी पाहिला होता, तेवढाच. बाकीची बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता. मी भांडत बसले नाही. गाडीवानाला बैल पळवायला सांगितलं.

कोंडाबाई दारातच उभी होती. “बाई, प्वाट सैल पडंना वो. दगडावानी झालंय. मी नगं नगं म्हनत हुते, पर माजं कोन ऐकतंय?”

मी पोटावर हात ठेवला. कळ संपतच नव्हती. एका कळेच्या पाठीवर दुसरी नव्हे, सगळी मिळून एकच लांबलचक कळ. अनुसयेचे डोळे फिरले होते. ओरडायला लागणारा श्वासही तिच्याकडे नव्हता. पिशवी सैल पडावी म्हणून मी रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून तो तिच्या नाकाशी धरला. दंडातून गेलेलं औषध काही परत काढता येत नाही. त्याचा जोर ओसरेपर्यंत वाट बघायची, एवढंच हातात असतं. तेवढा वेळ मिळाला नाही. मूल एकदम आलं, झोकून दिल्यासारखं.

मुलगा होता. निळा पडलेला, हातपाय लोंबणारे. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, माझ्या तोंडाने त्याच्या तोंडात हवा फुंकली. तो लवकर दाद देईना. मग एकदाचा कण्हला आणि रडला.

बाहेर तात्यांनी ती रड ऐकली. “मूळ लागलं का ओ, जोशीबुवा?” पंचांग घेऊन बसलेल्या जोशांना त्यांनी विचारलं.

“नाही अजून. सूर्य वर आहे.”

ओसरीवर एकच गलका झाला. त्यांच्याच गुऱ्हाळातली नवी ढेप फोडून गूळ वाटायला सुरुवात झाली. ढेपेवर बत्ता आपटल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता.

आत रक्त थांबत नव्हतं. वार पडली होती. पिशवी हाताला टणक लागत होती, म्हणजे तिचं काम ती चोख करत होती. तरीही लाल रक्ताची धार चालूच. याचा अर्थ एकच. पुरतं न उघडलेलं तोंड फाटलं होतं, आणि चीर वर खोलवर गेली होती. त्याला टाके घालायला टेबल हवं, उजेड हवा, माणसं हवीत. ते पुण्याला. दौंडला जाणारी गाडी दुसऱ्या दिवशी. मी गॉझच्या पट्ट्या आत घट्ट भरल्या, पाय उंच केले, कातडीखाली मिठाचं पाणी सोडलं. दुसऱ्याचं रक्त चढवायची सोय आमच्याकडे नव्हती. पट्ट्या भिजल्या. काढून नव्या भरल्या. त्याही भिजल्या. मूल अंगाला लावून आता उपयोग नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी कोंडाबाईने ते लावलं, आणि मी तिला अडवलं नाही.

अनुसया शुद्धीवर आली. ओठ पांढरे पडले होते.

“बाई, मूळ लागलं व्हय?”

“नाही लागलं.”

“मग ह्यास्नी काय व्हायचं न्हाय.”

ती समाधानाने बोलली, हे मला आजही सोसत नाही. थोडं पाणी मागितलं, ते मी चमच्याने दिलं. दिवे लावायच्या आधीच ती गेली. ओसरीवर जोशीबुवा हातावरचा गूळ झटकून उठले आणि मूळ लागल्याचं सांगून घरी गेले. त्यांना आतलं अजून कुणी सांगितलं नव्हतं. शंकरला मी सांगितलं. तो वळून परत गोठ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे उभी राहिले. “त्या डॉक्टरविरुद्ध वर कळवायचं आहे,” म्हटलं.

“काय कळवणार? औषध चुकीचं होतं?”

“नाही.”

“मात्रा जास्त होती?”

“पुस्तकात आहे तेवढीच होती. पण त्यांनी तिला तपासलं नव्हतं.”

“घरच्यांनी तपासू दिलं नाही, असं तो म्हणेल. घरचे तेच सांगतील. आणि मूल जिवंत आहे.” साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमचं खरं आहे, बाई. पण कळवायला काही शिल्लक नाही.”

मी संतापाने लाल झाले होते, पण ते चुकीचं बोलत नव्हते.

पुढच्या साली तात्या नातवाला देवी टोचायला दवाखान्यात घेऊन आले. पोर स्वतःच्या कडेवर घेऊन. एवढ्या मोठ्या घरात त्याला घ्यायला बाई नव्हती का, असं मी विचारलं.

“बाया घेत न्हाईत. आईला खाल्लेलं पोर म्हंत्यात.” मग जरा थांबून म्हणाले, “जोशीबुवा आता म्हंत्यात, मूळ लागायच्या आधीचा थोडका येळ बी तसलाच वंगाळ असतोय. ध्येनात न्हवतं म्हनं.”

मी पोराच्या दंडाला टोचलं. ते गोंडस होतं, गुबगुबीत होतं, आणि कुणाच्याही जिवावर उठल्यासारखं दिसत नव्हतं. शंकर धडधाकट होता. त्याचं दुसरं लग्न झालं होतं आणि नव्या सुनेला दिवस गेले होते. हेही तात्यांनीच सांगितलं. मग ते टेबलाजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, घाई करनारं नगंच आता. ह्या खेपंला आवस आडवी येतीया. कळा थोपवून धरायचं इंजेक्शन निगालंय का?”

बोलायचं बरंच होतं. त्यांच्या खांद्यावर ते पोर झोपलं होतं, म्हणून मी आवाज चढवला नाही.

“सुनेला इथे घेऊन या,” मी म्हटलं. “मी आधी तिला तपासते. औषधाचं नंतर बघू.”

तात्या विचारात पडले. “हितं, दवाखान्यात? तिला कसं आनायचं, बाई? आमच्यात बाया भायेर पडत न्हाईत.”

हार्मोनवर त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. नवनवे रस सापडले, त्यांच्या कुप्या आल्या, मात्रा ठरल्या. मी मात्र एकच नियम पाळत आले. दाराआडून आलेल्या हातात सुई टोचायची नाही. तात्यांची नवी सून दवाखान्यात आली नाही. तिच्या बाळंतपणाला त्यांनी मला बोलावलंही नाही.