चंद्रभान दलालाने सांगितलेल्या खोडी

मानवतच्या आसपासच्या बैलबाजारांत चंद्रभान दलाल तीस वर्षं एकाच सुरात बोलत आलाय. मान जराशी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, बैलाच्या पाठीवर थाप. "जनावर न्हाई पाव्हनं, लेकरू हाय हे. बिनखोडीचं. तुमच्या घरी जायलाय म्हनून पोटात कालवायलंय माझ्या." म्हातारा बैल त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत चारदाती जवान झालेला असतो. लंगडा असला तर डौलात चालतो, मारका असला तर जरासा मानी असतो. आपण खोटं बोलतो असं चंद्रभानला कधी वाटलंच नाही. बायका कालवणात मीठ घालतात, तो बोलण्यात घालतो, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात बाजारातून परतताना त्याला रस्त्याच्या कडेला एक कुत्रं दिसलं. प्लास्टिकच्या बरणीत डोकं अडकलेलं आणि त्या बरणीसकट ते एका बाभळीला धडका देत होतं. चंद्रभानने बरणी कापली. आतून पांढऱ्या मिशांचं म्हातारं तोंड निघालं, एकदा शिंकलं आणि मोटरसायकलीमागं चालू लागलं. अंग सगळं काळं, गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून नाव पडलं वकील. वागणंही नावाला साजेसं. चोर येऊन गेला की तासाभराने उठून आपलं म्हणणं मांडायचा.

सगळं बरं चाललं होतं. मग पूर्णेला दिलेली लेक, भक्ती, हिला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत खाटेवरून हलायचं नाही असं सांगितलं. तेव्हा बायको गोजरबाई तीन महिने तिकडं जाणार हे ठरलं. वकिलाला सोबत न्यावं, तर जावयाला कुत्र्याच्या केसाने धाप लागते. इथं ठेवावं, तर चंद्रभान रोज वेगळ्या बाजारात. एक दिवस त्याला घरी एकटा बांधून बघितला. संध्याकाळी भाकरी जशीच्या तशी, पाणीही तसंच. कुणी समोर बसल्याशिवाय वकील तोंड हलवत नाही, हे तेव्हा कळलं.

"तीन महिने असं ऱ्हायलं तर मरंल ते," गोजरबाई म्हणाली. "शुक्रवारी माझी गाडी हाय. त्याच्या आदी घर बघा त्याला."

चंद्रभानला वाटलं, त्यात काय. ज्याने बसके बैल खपवले त्याला एक कुत्रं जड आहे का. तो वकिलाला घेऊन महारुद्रच्या कोंबड्यांच्या शेडवर गेला.

"मामा, वय काय याचं?" महारुद्रने विचारलं.

"सहादाती," चंद्रभानच्या तोंडून सवयीने गेलं.

महारुद्रने वकिलाचा जबडा उघडून बघितला. "तीनदाती हाय मामा. ते बी एका अंगाला."

"दात काय करायचेत? राखनीला असं जनावर तालुक्यात न्हाई. रातभर डोळा लावत न्हाई."

मागून घोरण्याचा आवाज आला. दोघांनी वळून बघितलं. वकील खाद्याच्या पोत्याला टेकून गाढ झोपला होता.

चंद्रभानने मग आयुष्यातली मोठी चूक केली. म्हणाला, "बरं, घे. फुकट घे."

महारुद्र दोन पावलं मागं सरकला. "फुकट? तुमी? मामा, खरं सांगा, कुनाला चावलंय?"

तासाभरात बातमी गोपीचंदच्या हॉटेलात पोचली, की चंद्रभान फुकट द्यायलाय. चहा संपेपर्यंत वकील दोघांना चावला होता, दुसऱ्या चहाला चौघांना. चंद्रभान तिथं पोचला तेव्हा गोपीचंद गल्ल्यामागून आवाज बारीक करून म्हणाला, "त्यातला एकजन परभनीच्या दवाखान्यात हाय म्हनं. तुमी भेटून आलाव का न्हाई?"

तीन दात असलेला, दूध-भाकरी कालवून खाणारा वकील त्याच्या पायाशी बसून शेपटी हलवत होता.

बुधवार उजाडला. गोजरबाई पिशवी भरता भरता म्हणाली, "दिसभर घरी बसनारं मानूस गावात एकच हाय. धुरपताबाई."

चंद्रभानने आढ्याकडं बघायला सुरुवात केली. नऊ वर्षांपूर्वी त्याने धुरपताबाईला एक बिनखोडीचा बैल दिला होता. तो रोज बाराच्या ठोक्याला वावरात खाली बसायचा आणि चार वाजल्याशिवाय उठायचा नाही. धुरपताबाई त्याच्यापुढं उभी राहून शिव्या द्यायची त्या बैलाला नव्हे, चंद्रभानला. तेव्हापासून तो त्या गल्लीने जात नाही. मारुतीच्या देवळात जायचं असलं तरी ओढ्याकडून वळसा घालतो.

पण जावं लागलं. धुरपताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. चंद्रभानने मान तिरकी केली. "मावशी, जनावर न्हाई, लेकरू—"

"एक लेकरू माझ्या वावरात बसलं व्हतं," धुरपताबाई म्हणाली. "त्याचं आदी बोल. बसतंय ते तुला ठाऊक व्हतं का न्हाई?"

शेजारची कमलबाई सूप घेऊन बाहेर आली. पाखडायला काही नव्हतं तरी पाखडू लागली.

चंद्रभानने वकिलाकडं बघितलं. त्याने सकाळपासून कानामागं खाजवण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

"व्हतं ठाऊक," तो म्हणाला.

"जोरात बोल, कमलबाईला ऐकू यायलं न्हाई."

"ठाऊक व्हतं. माझ्या दारात तीन येळा बसला व्हता."

कमलबाईचं सूप थांबलं.

"आता याच्या खोडी बोल."

शाळेतलं पोर पाढे म्हणतं तसं चंद्रभान म्हणू लागला. बाजारातला सूर कुठल्या कुठं गेला. "ऐकू कमी येतंय. दात तीन. चोर गेल्यावर भुकतंय. कुकर वाजला की गळा काढतंय. घोरतंय. आन् समोर मानूस बसल्याबिगर खात न्हाई. एकटं ऱ्हायलं की उपाशी ऱ्हातंय."

धुरपताबाईने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "मला जेवताना बोललेलं चालत न्हाई. त्याला सांगून ठेव."

"न्हाई बोलत ते."

"दोन दिस वापरून बघते. बैल जुपून बघत्यात तसं."

शुक्रवारी सकाळी, गाडीला दोन तास असताना, चंद्रभान त्या गल्लीत शिरला. धुरपताबाई जणू वाटच बघत होती.

"काय कुत्रं दिलंस रं. घोरतंय म्हनलास, ही काय घोरनी हाय? पिठाची गिरनी चालायलीय. माझं जेवन झालं तरी याचं चालूच, उठू देत न्हाई. काल कीर्तनाला गेले तर मधेच घरी यावं लागलं, हे उपाशी बसलंय म्हनून. कुकर लावायची चोरी झालीय. डाळ पातेल्यात शिजवायले मी."

चंद्रभानचं तोंड उतरलं. पुढं होऊन त्याने वकिलाच्या गळ्यातल्या दोरीला हात घातला. "बरं मावशी. नेतो."

"हात काढ," धुरपताबाई म्हणाली. "नावं ठेवली म्हंजे परत दिलं का? नवऱ्याला चाळीस वर्सं नावं ठेवली मी. त्याला कुनाला दिला का?"

वकिलाने डोळा उघडला, चंद्रभानकडं बघितलं आणि परत मिटला.

घरी गोजरबाई दारातच पिशवी घेऊन उभी होती. "काय म्हनली?"

"लय नावं ठेवली."

"मंग झालं," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.