रोज वाढणारी चढण

खोडाळ्याच्या शाळेत माझा तास चालू असताना समोरच्या पीसीओवाल्या वहिनी वर्गाच्या दारात आल्या. "बाई, जव्हारहून वडलांचा फोन आहे," म्हणाल्या आणि माझ्या हातातला खडू त्यांनीच काढून घेतला. फोनवर अण्णा एवढंच बोलले, "दिगू गेला गं…" दिगू माझा धाकटा भाऊ. त्याने स्वतःच जीव दिला होता. या गोष्टीला आता दोन महिने होतील. गावात लोक हार्टअटॅक म्हणतात. मी खरं तेच लिहिते आहे.

जव्हारला एसटी डेपोजवळ त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. मुलांना शिकवायचा, हसवायचा. मग मधूनच आठवडाभर क्लासला कुलूप. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ना आंघोळ, ना जेवण. अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले, एक दिवस उशिरा न गेलेले. "काय दुखतंय ते तरी सांग!" ते ओरडायचे. दिगूला ते सांगता यायचं नाही.

बरं वाटायचं तेव्हा तो एक व्हिडिओ गेम बनवत बसे. त्यात डोंगरावरच्या सूर्यमाळ गावची एक बाई उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून पाणी आणते. बाणाचं बटण दाबलं की चालते. वाट तीच, पण चढण रोज थोडी वाढते. शेजारणी म्हणतात, काल तर आणलंस की! वाढलेला डोंगर फक्त तिलाच दिसतो. शेवटी ती रिकामा हंडा घेऊन उंबऱ्यात बसते.

एकदा मी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा त्याने अण्णांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाई उंबऱ्यात बसली तरी अण्णा बटण दाबतच राहिले.

"बिघडला रे तुझा गेम."

"बिघडला नाही अण्णा. तिला उठता येत नाहीये."

अण्णांनी बटणावरचं बोट काढलं. मग हळूच म्हणाले, "तुला… दिसतो हा डोंगर?"

दिगूने मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी दोघे नाशिकला मनाच्या डॉक्टरांकडे गेले. गोळ्यांनी फरक पडला. काही वर्षं चांगली गेली. दर महिन्याला अण्णा सोबत जात, येताना दोघं त्र्यंबकला उतरून भजी खात. पण दुखणं उलटलं, गोळ्या चालू असतानाच. असं का झालं, हे मी अजून शोधते आहे… सापडत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मोखाड्याकडचे एक गृहस्थ दारात आले. "माझी पोरगी दिगूसरांकडं शिकायची. अंथरुणातनं उठतच नाय. लोक म्हणतात, बाहेरचं हाय. ती म्हणते, सरांनी सांगितलं होतं, मला त्यांच्या डॉक्टरकडं न्या. कुठं बसतात ते?"

अण्णांना तेव्हा नाशिकचं नाव काढलं तरी रडू फुटत होतं. मला वाटलं, पत्ता सांगतील. ते उठले, सदरा बदलून आले. "सांगून सापडायचं नाही तुम्हाला," म्हणाले, "मी येतो."

आतापर्यंत त्या बापलेकीबरोबर दोनदा जाऊन आले. परवा मी विचारलं, "एवढ्या प्रवासात काय बोलता तिच्याशी?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "ती खिडकीतून बाहेर बघते. मी शेजारी बसलेला असतो."