आधी पाय बघणारा महावतभाऊ

महावतभाऊ माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसे. आधी पाय. नवा साहेब जीपमधून उतरला तरी याची नजर त्याच्या बुटांवर. "तोंड खोटं बोलते. हत्ती मनातून बिघडला का पयले पायात दिसते," असं म्हणायचा. साहेबांना वाटे, केवढा नम्र माणूस!

आलापल्लीच्या पुढे जंगलात लाकडं ओढणाऱ्या हत्तींचा कॅम्प होता. ऐंशी-ब्याऐंशीचा काळ. बाबा तिथल्या लाकूड डेपोत कारकून, आणि महावतभाऊ चंपा हत्तिणीचा माणूस. आमच्या घरात एकच काळजी होती, माझा विशीतला दादा. त्याचं डोकं फिरलंय म्हणायचे. तो उठून जंगलात चालू लागे. एकदा दोन दिवस सापडला नाही. तेव्हापासून आई त्याला पडवीच्या खांबाला दोराने बांधून ठेवी. बांधलेला दादा दिवसभर या पायावरून त्या पायावर डोलत राही. ते डोलणं हाच त्याचा रोग, असं आम्ही शहाण्यांनी ठरवून टाकलं होतं.

महावतभाऊ एकदा चुना मागायला आला आणि दादाचे पाय बघून खालीच बसला.

"बाई, हा डोलते म्हून बांधला, का बांधला म्हून डोलते?"

आई भडकली. "सोडला तं जंगलात जाते ना! मंग तुमी आणान का शोधून?"

"आणीन. चंपाले आठ दिस खुंट्याले ठेवली का ते बी अशीच डोलते. म्हून आमी संध्याकाळी तिले सोडतो. पायात लांब साखळी रायते, पण मोकळी. सकाळी साखळीची मातीतली ओळ पाहात गेलं का चंपा सापडते. साखळी सापडासाठी असते बाई, थांबवासाठी नाई."

दुसऱ्या दिवसापासून तो दादाला चंपा शोधायला सोबत नेऊ लागला. पहिले कितीतरी दिवस आई हातात तो दोर घेऊन दारात उभी असे. दादा हत्तिणीवर बसून परत येताना दिसला की आत जाऊन चूल पेटवी.

नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या दादा थुंकून टाकायचा. महावतभाऊने चंपाला औषध भरून देत तसा पीठ-गुळाचा लाडू वळला आणि आत गोळी आहे हे सांगूनच दिला. एक साधा चंपाला, गोळीचा दादाला. दादाने मुकाट्याने खाल्ला. आम्ही कौतुक केलं तर महावतभाऊ म्हणाला, "माणूस पुरा मले कळत नाई. हत्तीएवढा कळते, तेवढं करतो." दादा पुरता बरा झाला नाहीच, एकटा बोलत बसे. पण डोलणं थांबलं. एक दिवस आईने त्या दोरावर धुणं वाळत घातलं. मी पाहिलं आणि मला रडू आलं.

पुढे बाबांची बदली चंद्रपूरला झाली. एसटीपाशी महावतभाऊ निरोपाला आला, लाडवांचा डबा घेऊन. नेहमीप्रमाणे त्याने दादाचे पाय बघितले. दादा शांत उभा होता. मग दादानेही मान खाली घातली आणि महावतभाऊचे पाय बघितले. महावतभाऊ या पायावरून त्या पायावर डोलत होता.

क्वचित कुणाशी बोलणारा दादा त्याचा हात धरून म्हणाला, "भाऊ, तुमाले कोनं बांधलं?"

महावतभाऊने त्या दिवशी प्रथमच पाय सोडून दादाच्या तोंडाकडे बघितलं.