जापचे शिकायला पारगावला

नारायणगाव सोडून एसटी जुन्नरच्या रस्त्याला लागली तेव्हा अकरा वाजत आले होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मध्येच तारेवर चढवलेले टोमॅटो, आणि लांब शिवनेरीचा काळा कडा. साताऱ्याहून मी पहाटेच निघाले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुनाकडं चाललाय पावणं?"

"स्वयंपाक शिकायला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

मला शिकायचा होता त्या पदार्थाचं नाव जापचे. रताळ्याच्या पिठाच्या, शिजल्यावर काचेसारख्या पारदर्शक होणाऱ्या शेवया भाज्यांबरोबर कालवून करतात. कोरियात वाढदिवसाला, सणाला, लग्नाला हा हवाच. माझ्या मुलाच्या, अमेयच्या लग्नातही होता म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी त्या लग्नाला गेले नव्हते. गुडघे दुखतात, हे लोकांना सांगायचं कारण. खरं असं, की अमेयने नोकरी तिकडे धरली, मुलगीही तिकडचीच केली, आणि मला हे सगळं कळवलं, विचारलं नाही. त्याला वर्ष झालं. दर रविवारी त्याचा फोन येई. मागून मिनजी, माझी सून, हात हलवून दोन शब्द बोले. मी मान डोलवी आणि फोन ठेवी. आता दोघं पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच घरी येणार होती, आणि माझ्या लक्षात आलं, की या मुलीपुढे ताटात काय वाढायचं हेसुद्धा मला ठाऊक नाही.

माझ्या भाचीने मंगलचं नाव सांगितलं. मंगल आंबेगाव तालुक्यातल्या पारगावची. चाकणजवळ कोरियन इंजिनियर राहत त्या गेस्ट हाउसमध्ये तिने सहा वर्षं स्वयंपाक केला होता. फोनवर ती एवढंच म्हणाली, "या की ताई. जुन्नरला उतरा, तिथं सामान घिऊ आन घरी जाऊ."

जुन्नरच्या स्टँडवर ती स्कूटर घेऊन उभी होती. चाळिशीची, काटक, साडीवर नवऱ्याचं जॅकेट चढवलेलं. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत, दुचाक्यांमधून वाट काढत तिने मला एका किराणा दुकानात नेलं. दुकान मूळच्या राजस्थानच्या जैन कुटुंबाचं, पण शेठ बोलत होते ते अस्सल जुन्नरी मराठी. मंगलने त्यांना मुंबईहून दांगम्योन (रताळ्याच्या शेवया) मागवायला सांगितलं होतं. त्यांनी मोठ्या अभिमानाने पुडा काढून दिला. मंगलने तो उलटा केला, मागची अक्षरं बोटाने वाचली आणि म्हणाली, "शेठ, ह्या गव्हाच्या हायेत."

शेठ ओशाळले. "कोरियन लिहिलंय म्हणून घेतला, मंगलताई. दुसरा यायला आठवडा जाईल."

एवढा प्रवास करून हात हलवत परत जायचं, या विचाराने माझा चेहरा पडला असणार. शेठनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. या शेवया असतात कशाच्या, असं त्यांनी विचारलं. रताळ्याच्या, असं मंगलने सांगितल्यावर ते हसले. "कंदमूळ. मग आमच्या घरी हा विषयच संपला." तरी त्यांनी घाण्याचं तिळाचं तेल, पांढरे तीळ आणि सोया सॉस स्वतः निवडून बांधून दिला. मंगलने बाजारातून गाजरं, पालक, ढोबळी मिरची आणि धिंगरी अळंबी घेतली. शेवयांचं घरी गेल्यावर बघू, असं म्हणून तिने स्कूटर चालू केली.

ओझरच्या अलीकडे स्कूटरचं मागचं चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत आम्ही विघ्नहराचं दर्शन घेतलं आणि बाहेरच्या हॉटेलात भेळ खाल्ली. मी मंगलला विचारलं, हे सगळं तिला शिकवलं कोणी.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "भाषा येत नव्हती, शिकवनार कोन? साहेब लोक जेवून उठले की मी ताटं बघायची. जे ताटात उरलं ते चुकलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच बदलायचं. जापचेचं ताट साफ यायला मला चार महिने लागले."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शिकण्याची इतकी सरळ आणि इतकी अवघड पद्धत मी पाहिली नव्हती.

मंचर ओलांडून पारगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे आम्ही जात होतो, आणि हवेत मळीचा उग्र-गोड वास होता. उसाच्या फडाला लागून मंगलचं स्लॅबचं घर. अंगणात तिच्या सासूबाई, शांताबाई, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मंगल त्यांना आत्या म्हणे, मी मावशी म्हणू लागले.

शेवयांची फजिती त्यांनी शांतपणे ऐकली. मग विचारलं, "कशाच्या अस्त्यात म्हनली?"

"रताळ्याच्या, आत्या. नुसता चीक अस्तोय त्यात."

"मंग परसात रताळी हायेत की. उपासासाठी राखल्यात. गव्हाचा चीक काढून कुरडया करतो, तसा रताळ्याचा काढू. त्यात काय अवघड हाय?"

मंगल त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं तिने बंद पुड्यातल्या शेवया शिजवल्या होत्या, पण हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आम्ही रताळी खणली, धुतली, किसली. कीस पाण्यात कालवून फडक्यातून पिळला. मावशींच्या हातात अजून एवढा जोर होता, की मी पिळून ठेवलेला चोथा त्यांनी पुन्हा पिळला आणि त्यातून आणखी वाटीभर दूध काढलं. ते गढूळ पाणी पातेल्यात झाकून ठेवलं.

सकाळी वरचं लालसर पाणी ओतून दिलं, तर तळाशी पांढराशुभ्र, घट्ट चीक. मंगलने थोड्या चिकाची उकळत्या पाण्यात खळ केली, ती उरलेल्या चिकात घालून मळली. पहिला घाणा फसला. सोऱ्यातून शेवया पाण्यात पडल्या आणि विरघळून गेल्या. दुसऱ्यांदा मावशींनी गोळा हातात घेऊन दाबला, "पानी लई झालंया," म्हणाल्या आणि सकाळी उन्हात टाकलेला मूठभर कोरडा चीक भुरभुरला. या वेळी शेवया उकळत्या पाण्यात उतरल्या, क्षणभर पांढऱ्या राहिल्या आणि मग बघता बघता पारदर्शक होऊन वर आल्या. मंगलने त्या झाऱ्याने उचलून गार पाण्यात सोडल्या. आम्ही तिघी वाकून त्या पातेल्यात बघत होतो.

भाज्या चिरताना मावशींनी मला विचारलं, "सून कशीय?"

"चांगली असेल," मी म्हणाले.

"असंल म्हंजी? भेटला न्हाई?"

मग मी सगळं सांगितलं. गुडघ्यांचं कारण सांगायचा धीर त्यांच्यापुढे झाला नाही. त्यांचा चाकू थांबला नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तिला काय आवडतं ते तुमी मंगलला इचारायला आला, एवढ्या लांबून. तिलाच का न्हाई इचारलं?"

मी हात पुसले आणि अमेयला व्हिडिओ कॉल लावला. रविवार नसताना मी आपणहून केलेला हा पहिलाच फोन. तो उचलला मिनजीने. अमेय बाहेर गेला होता. माझा चेहरा बघून ती घाबरली, काही वाईट घडलंय असं तिला वाटलं असावं. मी फोन वळवून पातेलं दाखवलं, सोऱ्या दाखवला, शेवया वर उचलून दाखवल्या. ती फोनच्या अगदी जवळ आली. मग भराभर बोलू लागली. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, कारण दर रविवारी ती तोच म्हणत असे. 'ओमोनिम'. निरोप घ्यायचा काहीतरी शब्द असेल असं मी धरून चालले होते.

"ती काय म्हणतेय?" मी मंगलला विचारलं.

मंगल आपल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये तिच्याशी दोन वाक्यं बोलली. "ती इचारतीय, ओमोनिम, ह्या शेवया तुमी सोता केल्या का."

"ओमोनिम म्हणजे?"

"सासूबाई, आईसाहेब, असं. साहेबांच्या बायका गेस्ट हाउसमधनं सासूला फोन लावायच्या, तवा हेच म्हनायच्या."

वर्षभर ती मला हाक मारत होती आणि मी मान डोलवून फोन ठेवत होते. मावशींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तिच्याशी मराठीत बोलू लागल्या, चीक कसा बसवायचा ते हाताने दाखवत. तीही तिकडून हातानेच काहीतरी दाखवत होती. दोघींचं चांगलं पाच मिनिटं चाललं. मंगलने मध्ये पडून मला सांगितलं, की मिनजीच्या आईकडे जापचेत अळंबी जास्त, अंड्याची पातळ पोळी करून तिच्या पट्ट्या वरून, आणि ढोबळी मिरची तिला मुळीच आवडत नाही. चिरलेली ढोबळी मिरची मी उचलून बाजूला ठेवली.

मंगलने प्रत्येक भाजी वेगळी परतली, प्रत्येकीचा रंग तिचा तिचा राहावा म्हणून. साखरेऐवजी काकवी (उसाचा पातळ गूळ) घातली, तीळ खमंग भाजून कुटले आणि तेलात घातले. शेवटी सगळं परातीत घेऊन हाताने कालवलं. अंगणात सतरंजी टाकून आम्ही जेवलो. शेवया चिवट, गुळगुळीत, तिळाच्या वासाने भरलेल्या. मावशींनी सोबत बाजरीची भाकरी घेतली, दोनदा वाढून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "कुरडईच्या भाजीपरीस बरं लागतंया."

दुसऱ्या दिवशी मंगलने मला मंचरच्या स्टँडवर सोडलं. पिशवीत मावशींनी बांधून दिलेला वाळवलेला चीक होता. मी मंगलचा हात धरला. ती म्हणाली, "ताई, ताटाकडं बघा फकस्त. बाकी जमतंय."

पंधरा दिवसांनी दोघं आली. मिनजी फोनवर दिसे त्याहून बुटकी निघाली, आणि तिने दारातच वाकून नमस्कार केला. मी सकाळपासून खपून जापचे केलं होतं. तिच्या पानात वाढलं आणि समोर बसले. तिने घास घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून अमेयकडे बघितलं. त्याने हळूच तिला दोन शब्द सांगितले. तिने माझ्याकडे वळून, नीट जुळवून, म्हटलं, "ओमोनिम, मीठ जास्त."

ती ते मलाच म्हणेल असं अमेयला वाटलं नसावं; त्याने कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं. वर्षभर मान डोलवून फोन ठेवणाऱ्या बाईला कोणी असं सांगत नाही, जे घर आपलं मानायचंय तिथेच सांगतात. मी उठले, परात उचलून स्वयंपाकघराकडे वळले आणि म्हणाले, "मग सांग, काय घालू?"

तिला शब्द कळले नाहीत. पण ती उठली आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.