भारत पैलवानाची पाठ

पिंपळगाव रेणुकाईत शेंबड्या लेकराला विचारलं तरी ते सांगेल, की भारत पैलवानाच्या पाठीला आखाड्यातली माती कधी लागली नाही. जाफराबादेपासून अंबडापर्यंत जिथं जिथं जत्रेत कुस्त्यांची दंगल भरली, तिथं भारत खेळला आणि उभ्यानं घरी आला. आता पन्नाशी उलटली. पोट पुढं चालतं, भारत मागून येतो. तरी तो हॉटेलात शिरला की बाकडं आपोआप रिकामं होतं. त्यात मान किती आणि बाकडं मोडायची धास्ती किती, हे हॉटेलवाल्यानं अजून फोडून सांगितलेलं नाही.

गावाला ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच होती. बाकीच्या पैलवानांना भारतनं खरोखरच लोळवलं, त्यात काही खोट नाही. पण जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती नेहमी एकाच गड्याबरोबर लागायची. जाफराबादचा रामकिसन. त्यांची पहिली कुस्ती खरी झाली होती. विशीतली दोन पोरं दिवस मावळेपर्यंत एकमेकांना रेटत राहिली, कोणी कोणाला आवरेना, शेवटी पंचांनी मधी पडून बरोबरीत सोडवली. लोक असे खूश झाले, की पुढच्या गावानंही हीच जोड मागितली. तेव्हा स्टँडवर चहा पिताना रामकिसन म्हणाला होता, "भारत, आपल्यातला एक पडला की दोघांचं बी दुकान बंद. पडल्याला कोन बलावतंय? अन् एकदा निकाल लागला की मंग पाडनाऱ्याला तरी कोन बगाया येतंय?"

भारतला ते बिलकुल पटलं. मग खुणा ठरल्या: रामकिसननं मूठभर माती त्याच्या मानेला चोळली, की भारतनं वाकून पाय खेचायचे, म्हणजे पट काढायचा. रामकिसन गुडघ्यावर जायचा, भारत वर बसायचा, हलगी तापायची, बायाबापड्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि रामकिसन डाव्या अंगानं अलगद निसटायचा. थोड्या वेळानं हेच उलटं. अशा ठरवून खेळलेल्या कुस्तीला पैलवान लोक नुरा म्हणतात, आणि हा शब्द पैलवानाच्या तोंडावर काढणारा आपले सगळे दात घरी नेत नाही. पण या दोघांबद्दल तशी शंका कोणाला आलीच नाही. इतकी वर्षं, इतक्या जत्रा, आणि प्रत्येक वेळी लोक घरी जाताना भांडायचे, की अजून थोडा वेळ असता तर कोण पडलं असतं.

खरं सांगायचं, तर भारतही रात्री उशीवर डोकं टेकून हेच भांडायचा. स्वतःशीच. आपण सरस का रामकिसन? आयुष्यभर कुस्ती खेळली आणि एवढं एक कळलं नाही, हे दातात अडकलेल्या बडीशेपीसारखं त्याला डाचायचं.

या साली जत्रा कमिटी पोरांच्या हाती गेली. हरिओम नावाचा दाढीवाला अध्यक्ष भारतच्या ओट्यावर येऊन बसला. "काका, औंदा शेवटची कुस्ती तुमची अन् रामकिसन पैलवानाची. पन निकाली. बरोबरी चालनार न्हाई. लोक मोबाईलवर बगून राह्यले आता, त्यान्ला निकाल लागतो."

"आरं, गुडघे वाजून राह्यले माझे," भारत म्हणाला. तोंडानं नाही म्हणत होता, पण हात मिशीवर गेला होता.

दाराआडून सुरेखा, त्याची बायको, म्हणाली, "खेळा की. गुडघे वाजले तर हलगीचा खर्चा तरी वाचंल कमिटीचा."

दुसऱ्या दिवशी भारत जीपमध्ये दोन माणसांची जागा अडवून जाफराबादला गेला. रामकिसन आता सरकी-पेंडीचं दुकान चालवतो. पोत्यावर बसल्या बसल्या त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि समंजसपणे विचारलं, "मंग? म्या पडू का तू पडतो? गाव तुपलं हाये, म्याच पडतो. काय त्याच्यात."

"कुनीच ठरवून पडायचं न्हाई," भारत म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी खरी खेळायची."

रामकिसननं दुकानात कोणी गिऱ्हाईक नाही ना, ते बघून घेतलं. "खरी? आपुन दोघांनी? काहून, काय झगडा झाला का आपला?"

"झगडा न्हाई रं. मरायच्या आधी कळाया पायजे, एवढंच."

रामकिसननं पोत्याची सुटलेली सुतळी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मला बी कळाया पायजे व्हतं. पन तुला कसं सांगावं, म्हनून गप बसलो."

जत्रेच्या दिवशी उन्हं कलताना दोघं आखाड्यात उतरले. पोरं हसली, कारण शड्डू ठोकला तेव्हा मांडीच्या आधी पोट हललं. पण हातसलामी झाली आणि हसणं थांबलं. रामकिसनची नजर भारतनं कधी बघितली नव्हती अशी होती. तरी अंगाला लागलेलं वळण सुटतं का? भारतनं पट काढला, रामकिसन गुडघ्यावर गेला, भारत वर बसला. आता हा डावीकडून निसटणार, म्हणून भारतनं डाव्या बाजूला सगळा भार टाकला. इतक्या वर्षांच्या दोस्तीनं त्याला एवढंच शिकवलं होतं, आणि तेच नडलं. रामकिसन उजवीकडून उठला, भारतचा हात बगलेत आवळला, पाय आडवा घातला आणि अशी ढाक मारली, की भारतला आधी देवळाचा कळस दिसला, मग नुसतं आभाळ. दोन्ही खांदे मातीला टेकले.

हलगी बंद पडली. भारत तसाच पडून होता. त्याला वाटलं होतं, फार दुखेल. पण पाठीला माती गार लागत होती, आणि दातातली बडीशेप एकदाची निघाली होती.

तेवढ्यात हरिओमचा आवाज आला. "काकांनी कुस्ती सोडली. दोस्तीपायी मुद्दाम सोडली."

आणि ते सगळ्या गर्दीला लगेच पटलं. भारत पैलवान पडेलच कसा? एवढ्या नुरा लोकांनी खऱ्या म्हणून डोळ्यात पाणी आणून बघितल्या, आणि जी एक खरी झाली, तिला गाव नुरा म्हणायला लागलं. पोरांनी भारतला खांद्यावर घेतलं. किती पोरं लागली ते विचारू नये. वर बसल्यावर भारतला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पाठीची माती कोणी झटकली ते कळलंही नाही. तसंच बसून राहिलं असतं तर नाव जन्मभर शाबूत होतं. पण खाली नजर गेली. रामकिसन मानाचा फेटा डोक्यावर आणि गदा काखेत घेऊन, चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा उभा होता. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

"उतरवा मला," भारत म्हणाला. उतरला आणि सरळ माईक धरला. "मंडळी, म्या पडलो. खराच पडलो. रामकिसननं मला पाडलं, देनंघेनं काही न्हाई."

एक म्हातारा गहिवरून म्हणाला, "बगा. पडून बी दुसऱ्याचंच नाव मोठं करून राह्यला. याला म्हनत्यात पैलवान." टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या. भारतनं रेणुकाईची शपथ घेतली, तर लोक म्हणाले, दोस्तासाठी देवीची खोटी शपथ घेणारा असा माणूस होणे नाही. तो जसजसा खरं सांगत गेला, तसतसा मोठा होत गेला. शेवटी माईकच त्याच्या हातातून काढून घ्यावा लागला.

रामकिसन जेवायला भारतकडेच थांबला. दोघं एकमेकांकडे न बघता ताटावर बसले. भारत म्हणाला, "म्या सांगितलं रं. आयकतच न्हाईत."

"जाऊ दे," रामकिसन म्हणाला, आणि भाकरी मोडली. पण घास काही तोंडाकडे जाईना.

सुरेखानं त्याच्या ताटात पिठलं वाढलं. "भावजी, ढाक झ्याक बसली तुमची."

रामकिसननं ताटावरून मान वर केली. "तुमाला काय ठावं, वैनी?"

"शाळंच्या गच्चीवरून बगितली की. दर साली बगती. ठरल्याली आसली की खाली जायच्या आदीच मान वळती यान्ची, लागू न्हाई म्हनून. आज न्हाई वळली. डोळे हे येवडाले झाल्ते. म्हनलं, आज भावजीनं खरंच धरलं."

भारतच्या हातातला तांब्या खाली आला. म्हणजे हिला सगळ्या जत्रा ठाऊक होत्या. इतकी वर्षं कुस्तीनंतर अंगाला हळद लावताना बाई एक शब्द बोलली नव्हती. त्यानं काही विचारायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे लक्ष कोणाचं होतं?

"परत सांगा वैनी," रामकिसन पाट पुढं सरकवत म्हणाला. चेहरा पोरासारखा झाला होता. "सुरवातीपासून सांगा. कसं दिसलं वरून?"

सुरेखा चुलीपुढं बैठक मारून सांगायला लागली. भारत कसा भारी पडला, रामकिसन कसा खाली दबून राहिला, मग बगलेत हात कसा गेला, आणि डावी टाच कशी आधी उचलली.

"डावी न्हाई," भारत कांदा फोडत म्हणाला. "आदी उजवी उचलली. नीट सांग त्याला."